धुऱ्याखालची केबल

माझं काम लोकांना समजावून सांगायची पाळी आली की माझी चिडचिड होते. अमरावतीत भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही वायफाय दुरुस्त करता का?" मी म्हटलं, नाही. जमिनीखालून काचेचे केसाएवढे बारीक तंतू जातात, त्यातून प्रकाश जातो, आणि त्या प्रकाशातून आपलं बोलणं, फोटो, बँकेचे व्यवहार, सगळं जातं. तो तंतू कुठे तुटला तरी तुमचा फोन चालू राहिला पाहिजे, हे बघायचं काम माझं. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग तुटूच नये असं का नाही करत?"

घर मात्र मिळालं.

तुटतेच हो केबल. रस्ता रुंद करणारे तोडतात, नळाचे पाइप टाकणारे तोडतात, उंदीर कुरतडतात. आमची काळी माती तर उन्हाळ्यात एवढी फाटते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा. म्हणून अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये आमच्या कंपनीने दोन वाटा ठेवल्या आहेत. एक सरळ, हमरस्त्याच्या कडेने, बडनेरा-मूर्तिजापूर करत जाणारी. दुसरी वळशाची, कारंजावरून, बार्शीटाकळीवरून, पांदण रस्त्यांनी आणि लोकांच्या वावरांमधून अकोल्यात शिरणारी. सरळ वाट तुटली की सगळी माहिती वळशाच्या वाटेवर पळते, आणि इतक्या पटकन की फोनवर बोलणाऱ्याचा एक शब्दही गळत नाही. एरवी ही दुसरी वाट रिकामी पडून असते. तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

ही वळशाची वाट आमच्या वावरातून जाते. म्हणजे माझ्या वडलांच्या आणि काकांच्या वावराच्या मधून. केबल टाकली तेव्हा मी कॉलेजात होते आणि भावाभावांच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या. बाबांच्या वाट्याला मावळतीकडचा तुकडा आला, काकांच्या वाट्याला उगवतीकडचा. कंपनीची माणसं विचारायला आली तेव्हा बाबा म्हणाले, त्याच्या वावरातून न्या. काका म्हणाले, माझ्या वावरातून कशाला, मोठ्या भावाचं वावर काय ओस पडलं आहे? शेवटी ठरलं की धुऱ्याखालून न्यायची. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला गवताचा पट्टा, जिथे कुणाचाच नांगर फिरत नाही. केबल पुरली आणि बरोबर तिच्या डोक्यावर कंपनीने खुणेचा दगड रोवला, सिमेंटचा, वर भगवट रंग दिलेला. त्या दगडाच्या आजूबाजूला खणायचं नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलं. दोघा भावांनी एकमताने केलेलं ते शेवटचं काम.

कारण पुढे त्याच धुऱ्यावरून वाजलं. आमच्याकडे धुरे दरसाल बारीक होत जातात. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचा घ्यायचा, पुढच्या वर्षी अजून एक, याला धुरा कोरणं म्हणतात. काकांचं म्हणणं होतं की बाबांनी धुरा कोरला. बाबांचं म्हणणं होतं की ह्याचे डोळे फिरले आहेत. चावडीवर बोलणं झालं, पारावर झालं, एकदा आमच्या अंगणात तर इतकं झालं की आईने दार लावून घेतलं. मग बोलणंच बंद. आणि अशातच एका थंडीत काका गेले, सकाळी दूध काढायला बसले ते उठलेच नाहीत. बाबांनी खांदा दिला, तेराव्याला पानावर बसले, घास तोंडात न घालता उठले, आणि त्यानंतर काकूच्या घरी कधी गेले नाहीत.

तसं ते काकूशी आधीही बोलत नव्हतेच. भांडणामुळे नव्हे, रीतच तशी होती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याशी धाकट्या सुनेनं समोर येऊन बोलायचं नाही. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं. काकू चुलीपाशी, बाबा ओसरीवर, मध्ये चार पावलं. काकू म्हणायची, "तुह्या बाबाले इचार, भाकर वाढू का?" बाबांना ऐकू आलेलं असायचं. तरी मी वळून विचारायची, "बाबा, भाकर वाढू का?" बाबा मला सांगायचे, "हो म्हना." काकूलाही ते ऐकू आलेलं असायचं. कुणी घरात नसलं तर काकू खांबाला सांगायची, भिंतीला सांगायची, एकदा मी तिला मांजरीला सांगतानाही ऐकलं आहे. मला वाटायचं मोठी माणसं वेडी असतात. भांडण होईपर्यंत दोघांमधला निरोप काकांमार्फत जायचा, आणि आम्ही मुलं घराबाहेर पडल्यावर तर फक्त त्यांच्याचमार्फत. भांडणानंतर तेही थांबलं, आणि काका गेल्यावर मध्ये कुणी उरलंच नाही.

हे सगळं मी आत्ता असं सुसूत्र सांगते आहे. त्या मे महिन्यातल्या दिवशी माझ्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं, नुसता गोंधळ होता.

सकाळी ऑफिसात बसले तोच वळशाच्या वाटेचा दिवा लाल झाला. साहेब म्हणाले, "रिकामीच आहे ना? उद्या जा." साहेब पुण्याचे, शांत माणूस, पण शांतपणाचाही कधी कधी राग येतो. दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि सरळ वाट तुटली. हमरस्त्यावर रुंदीकरणाच्या यंत्राने केबल नुसती तोडली नव्हती, नळीसकट उपसून लांबवर ओढत नेली होती. दुष्काळात तेरावा महिना. आमच्या कंपनीपुरतं अकोला जगापासून सुटं झालं. कापसाच्या व्यापाऱ्यांचे फोन, दवाखान्यांचे फोन, आणि त्याहून जोरात वरच्या ऑफिसचे फोन.

माझा गोंधळ असा की, दोन वाटा मुद्दाम एकमेकींपासून लांब ठेवलेल्या, मग एकाच दिवशी दोन्ही कशा तुटतात? मी नकाशावर बोट फिरवत बसले. कुठे एखाद्या पुलावर, एखाद्या मोरीत दोघी एकत्र आल्या आहेत का? नाही. योगायोग होता, दुसरं काही नाही. पण योगायोग हा शब्द मला पटत नाही, कारण तो दुरुस्त कसा करायचा ते कळत नाही.

मग मी वळशाच्या वाटेचं अंतर मोजलं. त्याचं यंत्र असतं. आपण तंतूतून प्रकाश पाठवायचा, तुटल्या जागेवरून त्यातला थोडा परत येतो, आणि त्यावरून किती लांब तुटलं ते पडद्यावर दिसतं. ते अंतर नकाशावर लावलं तर बोट येऊन थांबलं आमच्याच वावरावर. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच. साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, "सरळ वाटेला रात्र होईल. ही लवकर जोडता येईल. कुठे आहे ती जागा?" मी म्हटलं, "आमच्या घरी."

अकोल्यात आमच्या जॉइंटरचाचांना जीपमध्ये घेतलं. जॉइंटर म्हणजे काचेचे तंतू वितळवून एकमेकांना जोडणारा माणूस. चाचांचा हात या कामात बसलेला, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. बार्शीटाकळी येईपर्यंत ते अकोल्याच्या उन्हाला शिव्या देत होते, जसं काही ऊन यंदाच पडायला लागलं आहे. मी ऐकत नव्हते. मला बाबांना फोन करावा की नाही ते ठरवता येत नव्हतं. काय विचारणार होते? तुम्ही केबल तोडली का?

वावरात पोचलो तर जेसीबी उभा होता आणि धुऱ्याच्या कडेने सरळ रेषेत चर खणलेला होता. बाजूला काळ्या पाइपांची चळत. निंबाच्या सावलीत काकू बसलेली, डोक्यावर पदर. मला बघून ती उठली.

"तुलेच पाठवलं का मा कंपनीनं?" ती म्हणाली. "बरं झालं. हे मशीनवाले मले म्हनून राहिले का तार तुटली."

नव्या विहिरीवरून खालच्या वावरात पाणी न्यायचं होतं तिला. पाइप धुऱ्याच्या कडेने टाकतात, म्हणजे नांगरात येत नाही. तिनं जेसीबीवाल्याला दगड दाखवला होता आणि बजावलं होतं की दगडापासून लांब खण. जेसीबीवाल्यानेही शपथेवर तेच सांगितलं. आणि दगड खरोखरच उभा होता, भगव्या टोपीसकट, खूप अलीकडे, आमच्या बाजूला. चर त्याच्यापासून चांगला लांब होता.

चाचा चरात उतरले. मातीतून केबलची दोन टोकं बाहेर आली होती. त्यांनी एकदा टोकांकडे पाहिलं, एकदा दगडाकडे, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, ये क्या मामला है? पत्थर वहाँ, केबल यहाँ."

मी चराच्या काठावर उभी राहून तेच बघत होते. दगड केबलच्या डोक्यावर रोवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आता तो केबलपासून इतका लांब होता की मध्ये बैलगाडी उभी राहिली असती. केबल काही चालत जात नाही. म्हणजे दगड हलला होता, आणि तो आमच्या वावराकडे हलला होता. धुऱ्याचा दगड आमच्याकडे सरकला म्हणजे जमीन कुणाची वाढली? काकूची. यात न कळण्यासारखं काय आहे? काकांनी जन्मभर ज्या गोष्टीसाठी बाबांना बोल लावला, ती त्यांच्या माघारी त्यांच्या बायकोने केली. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं, आणि मला इतका राग आला की माझे कान तापले.

तेवढ्यात साहेबांचा फोन. मी जे दिसतं ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग सरळ आहे. खूण हलवली आणि वर केबल तोडली. खणणं थांबव आणि पोलिसात तक्रार दे. नाव लिहून पाठव मला."

फोनचा आवाज मोठा, त्यामुळे काकूने साहेबांचं बोलणंही ऐकलं होतं. तिनं विचारलं, "माह्या दारात पोलीस येतीन?"

मी फोन खिशात ठेवला.

"मी एकटी बाई हाय पोरी," ती म्हणाली. "गावात काय म्हनतीन?"

एवढंच ती म्हणाली. काका असते तर तिला कुणी हे विचारायचीही हिंमत केली नसती. आणि मी, जिला तिनं लहानपणी मांडीवर बसवून दूधभात भरवला, मी तिचं नाव लिहायला उभी होते. माझा राग उतरला नाही, पण नाव लिहायच्या आधी तिलाच विचारायचं ठरवलं.

"काकू, खरं सांग. दगड तू हालवला का?"

"नाई."

"मंग कोनं हालवला?"

तिनं पदर पुढे ओढला आणि खालच्या वावराकडे बघत राहिली. कितीही विचारलं तरी बोलेना. नाही म्हणते, आणि कुणी ते सांगत नाही. अशा माणसाला काय करावं?

मी चिडून धुऱ्यावरून चालायला लागले, आणि चालता चालता मला काहीतरी खटकलं. मी चालतच होते आणि पायाखाली गवतच होतं. इकडेही गवत, तिकडेही गवत. काकूच्या वावरात तुरीचे वाळलेले खुंट उभे होते, ते चराच्याही पलीकडे, केबलच्या पलीकडे, जिथे पूर्वीपासून तिची हद्द होती तिथेच थांबले होते. आमच्या बाजूची ढेकळं दगडाच्या अलीकडे थांबली होती. मधला सगळा पट्टा तसाच पडलेला. कुणीच पेरला नव्हता. मला तर तो निदान दोन-तीन पावसाळ्यांपासूनचा वाटला, कारण त्यात बोरीची झुडपं उगवून हाताएवढी झाली होती.

मी खाली बसले. आमच्या भागात धुरे बारीक होतात. रुंद झालेला धुरा मी जन्मात पाहिला नव्हता. जमीन चोरायची आणि पेरायची नाही, असा कोण चोर असतो? माझं सगळं गणित, जे पाच मिनिटांपूर्वी इतकं सरळ होतं, ते पार विस्कटलं.

तेव्हा पांदणीतून लुनाचा आवाज आला. बाबा. गावात बातमी पोचायला केबल लागत नाही.

बाबा लुना लावून आले. काकू लगेच वळून पाठमोरी झाली. बाबांनी चरात बघितलं, केबलची टोकं बघितली, चाचांना रामराम केला, चाचांनी सलाम केला. मग ते दगडाजवळ जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "काय भानगड हाय?"

मी सांगितलं. दगड हलला, म्हणून चर केबलवरून गेला, म्हणून अकोला बंद, म्हणून साहेब काकूवर तक्रार देणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. वय झालं आहे त्यांचं, ऐकताना ते हल्ली तोंड जरा उघडं ठेवतात. मग त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "तिचं नाव काहून? माहं लिही. दगड म्या सरकवला."

"तुमी?"

"हो. नांगरटीच्या वेळी. दरसाली थोडा थोडा."

"आपल्याकडे? आपल्याच वावरात?"

"मंग काय तिच्याकडे सरकवू?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकतं आहे. माणूस आपली जमीन वाढवायला दगड सरकवतो. हा माणूस आपली कमी करायला सरकवत होता, तेही लपून, तेही दरसाल, ज्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं त्याच धुऱ्यावर. मी विचारलं, "कधीपासून?" ते म्हणाले, "तो गेला तवापासून." मी विचारलं, "म्हणजे काका म्हणत होते ते खरं होतं? तुमी कोरला होता धुरा?"

बाबांनी दगडावरची माती हाताने झटकली. मग म्हणाले, "तो म्हने कोरला. मी म्हनो नाई. आता म्हननाराच नाई राहिला, त मी कोनाले सांगू खरं काय ते?"

हे उत्तर आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. मी त्यानंतर कितीदा तरी त्याचा अर्थ लावून पाहिला. कधी वाटतं त्यांनी कबुली दिली. कधी वाटतं त्यांनी एक तसूही कोरलं नव्हतं आणि भावाशी नव्याने भांडण्यापेक्षा त्याचं म्हणणं खरं करून टाकणं त्यांना सोपं वाटलं. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"मंग काकूले सांगून द्यायची होती ना जमीन," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चोरून काहून?"

"सांगून तिनं घेतली असती का?" बाबा म्हणाले. "अन् सांगू कसं? माहं अन् तिचं बोलनं हाय का?"

इकडे पाठमोरी काकू बोलली. बाबांशी नव्हे, माझ्याशी. पण जरा मोठ्याने.

"त्याइले सांग पोरी, मले काय दिसत नाई का? दरसाली दगड सरकते."

मी दोघांच्या मध्ये उभी होते, बरोबर लहानपणी उभी असायची तशी. मी बाबांकडे वळले आणि म्हणाले, "काकू म्हणते, तिले दिसत होतं." बाबांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं.

"मंग पेरलं काहून नाई, इचार," बाबा म्हणाले.

"पेरलं काहून नाई, काकू?"

"ते देनंघेनं भावाभावाचं होतं," काकू म्हणाली. "देनारा एक, घेनारा गेला. म्या मधात कोन? म्या बोट नाई लावलं त्या गवताले. पाइप तेवढा टाकून राहिली होती, का बावा कोनाचं पेरलेलं खराब नाई होत. तार दगडाखालीच असन, असं वाटलं मले."

हे मी शब्दन् शब्द बाबांना सांगितलं. मूर्खासारखं. चाचा चरातून आम्हा तिघांकडे बघत होते. त्यांच्याकडची रीत वेगळी, पण त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि चाचांनी गप्प बसणं ही काही साधी गोष्ट नाही. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांनाही मिठी मारावीशी वाटत होती, आणि यातलं काहीच करता येत नव्हतं, कारण अकोला बंद होतं.

साहेबांचा फोन आला. नाव लिहिलं का? मी म्हटलं, दगड काकूने हलवलेला नाही. माझ्या वडलांनी हलवला, आपल्याच जमिनीकडे. तक्रार द्यायची तर त्यांच्या नावाने द्या, मी लिहून पाठवते. मग साहेब म्हणाले, "स्वतःची जमीन कमी करायला? का?" मी म्हटलं, "साहेब, मलाही नीट कळलेलं नाही." ते पुण्याचे असले तरी माणूस होते. म्हणाले, "तक्रारीचं राहू दे. केबल जोडा. आणि जायच्या आधी तो दगड पुन्हा केबलवर बसवा. त्याशिवाय येऊ नका."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की साहेबांनी काय सांगितलं आहे. दगड केबलवर बसवायचा म्हणजे जुन्या हद्दीवर बसवायचा. बाबांनी इतकी वर्षं जे गुपचूप देऊन टाकलं होतं ते एका दुपारात परत घ्यायचं. न बसवावा तर उद्या दुसरं कुणी खणेल, पुन्हा केबल तुटेल, आणि तेव्हा सरळ वाटही तुटलेली असली तर? माझं काम तुटू न देण्याचं. त्या क्षणी नक्की काय तुटू द्यायचं नाही, हे मला सांगता आलं नसतं.

मी ते बोलून दाखवलं. दोघांकडे न बघता, चराकडे बघून. बाबांचा चेहरा उतरला. ते दगडावर हात ठेवून उभे राहिले.

काकू म्हणाली, "पोरी, दगड कंपनीचा हाय. त्याले तारीवर लाव. धुऱ्याले कोनी हात नोका लावू. जेवढा रुंद हाय तेवढा राहू दे."

मी बाबांकडे वळले. या वेळी मला सांगावं लागलं नाही. बाबा खाली वाकले आणि दगडाच्या बुडाची माती हातांनी उकरायला लागले. जेसीबीवाला पुढे आला, म्हणाला, बाबाजी, सरका, मी काढतो. बाबांनी त्याला हाताने थांबवलं. शेवटी दोघांनी मिळून दगड उपसला आणि केबलपाशी आणला. काकूचा पाइप आम्ही तिच्या तुरीच्या कडेने टाकायचं ठरवलं, केबलपासून पुरेसा दूर, आणि तो चर मी स्वतः उभी राहून आखून दिला.

चाचांनी छत्री उघडून चरात बैठक मारली. काचेचे तंतू जोडायला हात थरथरून चालत नाही, वारा चालत नाही, धूळ चालत नाही. मी त्यांच्या बाजूला पाण्याची बाटली घेऊन बसले. एकेक तंतू जोडला जात होता. शेवटचा जोडला तेव्हा मी अमरावतीला फोन लावला. माझी सहकारी म्हणाली, हिरवा झाला. अकोला आलं. मी चाचांकडे बघून मान हलवली, चाचांनी "या अल्लाह" म्हणून कमरेवर हात ठेवला आणि चहा मागितला.

मग चर बुजवून दगड रोवला. आता तो रुंद गवताच्या पट्ट्यात एकटा उभा होता. एका बाजूला काकूच्या तुरीचे खुंट, जवळ. दुसऱ्या बाजूला आमची ढेकळं, दूर. मधलं गवत कुणाचं, हे मला कुणी विचारलं तर मी आजही सांगू शकणार नाही.

मी सामान जीपमध्ये ठेवायला गेले. चाचा आधीच आत जाऊन बसले होते. जेसीबीवाला यंत्र फिरवून नवा चर धरायला निघाला होता. दोघांच्या मध्ये उभं राहायला कुणीच नव्हतं. बाबा गवतात उभे होते, पांदणीकडे तोंड करून, आणि काकू दगडाच्या पलीकडे. मी जीपच्या दाराशी थबकले.

काकूने पदर नीट केला आणि दगडाकडे बघून बोलली.

"दगडा, आता सरकू नोको. लय झालं." मग जरा थांबून, "अन् त्याइले सांग, ऊन लागन. घरी ताक करून ठेवलं हाय. पोरीच्या काकाच्या फोटोपाशी बसून प्या म्हना."

बाबा वळले नाहीत. काका गेल्यापासून त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मला वाटलं आता ते लुनाकडे चालायला लागतील. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

मग तेही दगडालाच म्हणाले, "येतो म्हना."